चौघांचा सातारा

मोहिते डोंगराला अहो-जाहो करायचे.

माणसांच्या बाबतीत त्यांचा एवढा कटाक्ष नव्हता. कंपनीत आमच्या डिपार्टमेंटचा प्रमुख चांगला पिकलेल्या मिशांचा, निवृत्तीला टेकलेला गृहस्थ होता, पण तो सगळ्यांना मला 'डू', म्हणजे 'तू', म्हणा म्हणायचा. मग मोहिते मराठीत त्याच्याबद्दल बोलताना खुशाल "आला का तो? काय म्हणतोय?" असं विचारत. डोंगरासमोर उभे राहिले की मात्र टोपी काढणार, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सावकाश नजर नेणार आणि हळू आवाजात म्हणणार, "नमस्कार. आज येतोय तुमच्याकडं. सांभाळून घ्या." जर्मनीतल्या डोंगराला मराठी कळत नसेल तर पंचाईत नको, म्हणून तेच पुन्हा जर्मनमध्ये, आणि तिथेही आदरार्थी 'झी' लावून. आजूबाजूचे धावपटू पोटऱ्या ताणायचं थांबवून त्यांच्याकडे बघायचे. मी दुसरीकडे बघायचो.

दुसरीकडे बघणं आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव आहे. लोक त्याला सज्जनपणा समजतात आणि मी त्यांना तसं समजू देतो. मोहित्यांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं ते याचमुळे. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्या गप्प बसण्याबद्दलही लिहावं लागणार होतं. आता पन्नाशी उलटून गेली. लिहून टाकतो.

गोष्ट दोन हजारच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. कार्ल्सरूहेजवळच्या एका गावात आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. कंपनी गिअरबॉक्स बनवायची आणि मोहिते त्यातल्या चाकांचे दाते तपासायचे. ते, सुनंदावहिनी आणि मुलगी प्राजक्ता पहिल्या मजल्यावर राहत, मी त्यांच्या डोक्यावर. माझी बायको पुण्यात बँकेत होती. ती 'या वर्षी येते, पुढच्या वर्षी येते' करत होती आणि मी दर रविवारी मोहित्यांकडे जेवत होतो. वहिनींच्या हातचा तांबडा रस्सा मी इतका खाल्लाय, की या लेखात जे काही कबूल करायचंय ते त्या रश्श्याला जागूनच करायला हवं.

मोहिते मूळचे साताऱ्याचे. साताऱ्याचा माणूस साताऱ्यातून बाहेर काढता येतो, पण मोहित्यांना बाहेर काढलंय हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. सकाळी गॅलरीत उभे राहून ते समोरच्या टेकडीला बघत म्हणायचे, "हे काय, अजिंक्यताऱ्याचं पिल्लू. आम्ही पोरं रोज सकाळी दूध आणायच्या आधी गड चढून यायचो."

"दूध तुमच्या आई आणायच्या," आतून वहिनींचा आवाज यायचा.

"गेनाऊ," मोहिते म्हणायचे. जर्मन भाषेतला हा एक शब्द त्यांना फार आवडला होता. 'बरोबर' या अर्थाचा हा शब्द ते सगळीकडे वापरत. साहेब रागावला तरी गेनाऊ, वहिनींनी उघडं पाडलं तरी गेनाऊ. माणसाला समोरून वाद घालायला जागाच राहत नसे.

आता या डोंगर चढायच्या शर्यती, तिथल्या भाषेत बेर्गलाउफ, म्हणजे काय ते सांगतो. गावातल्या चर्चपाशी किंवा शाळेपाशी सगळ्यांनी जमायचं, शिट्टी झाली की पळत सुटायचं आणि गावामागच्या डोंगराच्या माथ्यावर जाऊन थांबायचं. अंतर फार नसतं. वहिनींच्या हिशेबाने, खाली कुकर लावून निघालं तर पहिला गडी वर पोचेपर्यंत वरण-भात होतो आणि मोहिते पोचेपर्यंत तो गार होतो. त्या भागात उन्हाळाभर असल्या शर्यती चालायच्या, आज या गावात, मग त्या गावात. क्रीडामंडळाची माणसं वाटेत पाणी द्यायची, बायका घरी केलेले केक मांडायच्या आणि बक्षीस म्हणून बऱ्याचदा डबाबंद सॉसेज मिळायचं.

एका रविवारी मोहिते कुटुंब सहज फिरायला म्हणून एका गावात गेलं आणि अख्खं गाव छातीवर नंबर लावून उभं असलेलं त्यांना दिसलं. मोहिते सरळ टेबलाशी गेले आणि तिघांची नावं देऊन मोकळे झाले. फॉर्ममध्ये नाव होतं, जन्मसाल होतं आणि मग 'फेराइन', म्हणजे तुम्ही कुठल्या मंडळाकडून पळता, असा एक चौकोन होता. मंडळ नसेल तर लोक तो तसाच सोडतात. पण व्हिसाच्या कामात एकदा मोहित्यांच्या अर्जातला एक चौकोन रिकामा राहिला होता आणि त्यापायी त्यांना पुन्हा पहाटे उठून रांग धरावी लागली होती. तेव्हापासून जर्मनीत रिकामा चौकोन सोडायचा नाही हा त्यांचा नियम. त्यांनी फेराइनपुढे लिहिलं, सातारा.

वर पोचले तेव्हा लाउडस्पीकरवरून आवाज आला, "आणि आता येत आहेत सातारा मंडळाचे हेर, म्हणजे श्रीयुत, मोहीटे." माथ्यावर केक खात बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"साताऱ्याला टाळ्या पडल्या," मोहिते मला त्या संध्याकाळी म्हणाले. "आता माघार नाही."

पुढच्या शर्यतीत कळलं, की सांघिक क्रमवारीत यायचं तर मंडळाचे चार जण लागतात. त्या रात्री माझ्या दारावर टकटक झाली.

"पंत, तुम्ही पुण्याचे," मोहिते म्हणाले. "पण म्हटलं, चालवून घेऊ."

"मला पळता येत नाही."

"मला कुठं येतंय? दमानं जायचं. आपल्याला काय वर गाडी गाठायचीय?"

असा मी सातारकर झालो. एवढ्यावर भागलं नाही. मोहित्यांनी जेवणाच्या टेबलावर मंडळाची सभा घेतली. स्वतः अध्यक्ष, वहिनी खजिनदार, मी चिटणीस आणि प्राजक्ता युवक प्रतिनिधी. प्राजक्ता तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, की युवक ती एकटीच असल्यामुळे ती नेमकं कोणाचं प्रतिनिधित्व करते ते तिला सांगावं. मोहिते म्हणाले, "गेनाऊ," आणि सभा बरखास्त झाली. पुढे त्या भागातल्या मंडळांच्या वार्षिक बैठकीचं आमंत्रण सातारा मंडळाच्या अध्यक्षांना येऊ लागलं आणि मोहिते कोट घालून जाऊ लागले. पाण्याचे टेबल कुठे मांडायचे यावर त्यांनी एकदा मतदानही केलं. हे सातारा नक्की कोणत्या खोऱ्यात आहे, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "जरा आत आहे."

त्यांचं पळणं पाहण्यासारखं होतं. इस्त्री केलेली हाफ पँट, तिला धार. कमरेला बांधलेल्या पिशवीत स्टीलचा छोटा डबा, डब्यात गूळ-शेंगदाणे. मागून कोणी धापा टाकत आला की मोहिते बाजूला व्हायचे, हात पसरून "बिट्टे, बिट्टे" म्हणायचे. लग्नात मुलीचा बाप पाहुण्यांना पंगतीकडे नेतो, अगदी तसे. काही जणांना ते डबा उघडून गूळही द्यायचे. एकदा एका पळणाऱ्याने तो नको म्हटला, तर मोहित्यांनी त्याच्याबरोबर थोडं पळून आग्रह केला. त्या दिवशी त्यांची वेळ बरी लागली होती.

वहिनी पळत नसत. त्या दिवसांत सगळ्या जर्मनीला दोन काठ्या घेऊन तरातरा चालायचं वेड लागलं होतं, वहिनींनी पंजाबी ड्रेसवर तशा काठ्या घेतल्या. नंबर टोचायच्या पिना टेबलावर कमी पडल्या, की वहिनी बांगडीला अडकवलेल्या पिना काढून द्यायच्या, त्यामुळे गावोगावच्या बायका त्यांना ओळखत. वसंतातल्या शर्यतीत रानात लसणाच्या वासाचा एक पाला मिळतो. वहिनी वाट सोडून तो खुडायला जायच्या आणि शर्यतीच्या सगळ्यात शेवटी सायकलवरून येणारा हेलमूट नावाचा पिवळ्या जाकिटातला माणूस, कोणी मागे राहिलं तर नाही ना हे बघणं हेच ज्याचं काम, तो निमूटपणे पिशवी धरून उभा राहायचा. त्या पाल्याची पीठ पेरून भाजी फार छान होते.

आणि चौघांनी शेवटची रेषा एकदम, हात धरून ओलांडायची ही सातारा मंडळाची पद्धत होती. तिचं शास्त्र मोहित्यांनी मला पहिल्याच शर्यतीत समजावलं होतं. "संघाची वेळ कुठली धरतात? चौथा येईल त्याची. मग पहिल्या तिघांनी पुढं जाऊन काय कांदे सोलायचेत? सातारा एकत्र येतो." माथ्याच्या अलीकडे शेवटचं वळण असायचं. तिथे प्राजक्ता आधी पोचून कुंपणावर पाय हलवत बसलेली असायची. मग मी आणि मोहिते, मग बऱ्याच वेळाने काठ्यांचा टकटक आवाज. प्राजक्ता उडी मारून उतरायची, "एंडलिश", म्हणजे आलात एकदाचे, असं म्हणायची आणि आम्ही चौघं बोहल्यावर चढल्यासारखे हात धरून जायचो. संघांत आमचा नंबर शेवटून पहिला. टाळ्या सगळ्यात जास्त.

मी हे सगळं मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नक्कल करून सांगायचो. लोक हसून लोळायचे. मोहिते समोर बसून सगळ्यात मोठ्याने हसायचे. त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. वाटतं ते पुढच्या गोष्टीबद्दल.

चौथ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मे महिन्यात, मी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत मशिनला कपडे लावून उभा होतो. प्राजक्ता खाली आली. आता ती पंधरा वर्षांची, माझ्याएवढी उंच. घरात मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. मशिनवर टेकून ती म्हणाली, "काका, कोणाला सांगायचं नाही."

"काय?"

"आधी कबूल करा."

"बरं," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले बहुतेक गोंधळ 'बरं' म्हणूनच सुरू झालेले आहेत.

तिच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या फ्राऊ केलर नावाच्या बाई गावच्या खऱ्या मंडळाच्या ट्रेनर होत्या. त्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की तू वेगाने पळतेस, नुसती बरी नाही, खरोखर वेगाने. ऑक्टोबरपासून आमच्याकडून पळ, जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवते. त्यासाठी एकाच मंडळाची नोंद चालते. अर्ज गेला होता. आईने सही केली होती.

"आणि बाबा?"

"पापाला माहीत नाही. शेवटची शर्यत झाली की मी सांगणार आहे." ती मशिनच्या काचेतून फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत होती. "आत्ता सांगितलं तर तो 'जा की, जा' म्हणेल आणि मग उन्हाळाभर ते तोंड करून हिंडेल. तुम्हाला माहितीये कुठलं तोंड."

मला माहीत होतं.

"आणि मी गेले की तुम्ही तिघंच," ती म्हणाली. "तिघांचा संघ धरत नाहीत. मी विचारून आले."

मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, की पोरी, वर जा आणि आत्ता सांग. तो तुझा बाप आहे, मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मी म्हणालो, "बरं."

मग तो उन्हाळा. दर रविवारी आम्ही चौघं त्या टेबलाभोवती बसायचो. मला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं हे मला माहीत होतं, प्राजक्ता माझ्याकडे बघायची नाही, मी वहिनींकडे बघायचो नाही आणि मधे मोहिते रस्सा वाढत. त्यांना त्या उन्हाळ्यात मंडळाच्या भवितव्याची फार काळजी लागली होती. पुढच्या वर्षी कुठल्या गावांना जायचं, पाचवा माणूस घ्यायचा का, घेतला तर त्याला साताऱ्याचा इतिहास शिकवायला कोण बसणार. मधेच थांबून ते आमच्या तोंडाकडे बघायचे. प्राजक्ता काकडी खायची. मी काकडी मागायचो.

जुलैत एकदा ते रंगांच्या चिंध्यांचा जुडगा घेऊन वर माझ्याकडे आले. मंडळासाठी शर्ट शिवून घ्यायचे होते, मोरपंखी रंगाचे, पाठीवर देवनागरीत सातारा. माझ्या खुर्चीत बसून बराच वेळ चिंध्या उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "पंत, प्राजूसाठी एक साइज मोठा घेऊ का? पुढच्या वर्षीही पुरायला पाहिजे ना?"

आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी त्या चिंध्यांकडे बघून म्हणालो, "घ्या."

"घेऊ म्हणता?"

"घ्या. वाढतं वय आहे."

"गेनाऊ," मोहिते म्हणाले आणि चिंध्या गोळा करून जिना उतरून गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण तोंडही उघडलं नाही.

उन्हाळ्यातली शेवटची शर्यत सप्टेंबरअखेर, द्राक्षाच्या मळ्यांच्या एका गावात होती. आंबूस गोड वास सगळ्या गल्लीत भरलेला. आम्ही चौघं मोरपंखी शर्टांत. प्राजक्ताचा तिला ढगळ होत होता, तिने तो खोचला होता. शिट्टी झाली आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. मळे संपून जंगल लागलं, मागून येणारे सगळे "बिट्टे, बिट्टे" होऊन पुढे गेले. मी आणि मोहिते उरलो. वहिनी आणि हेलमूट कुठेतरी खाली, अक्रोडाच्या झाडाखाली असणार.

अर्ध्याच्या वर एका वळणावर बाक होता. मोहिते थांबले आणि त्यावर बसले.

चार वर्षांत ते शर्यतीत कधी बसले नव्हते. "छातीत दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही. बसा." त्यांनी डबा उघडला. "घ्या."

मी मूठभर शेंगदाणे घेतले.

"प्राजूनं तुम्हाला कधी सांगितलं, पंत?"

मी शेंगदाणे गिळायला बराच वेळ लावला. मग म्हणालो, "मेमध्ये."

"म्हणजे केलरबाईंनी विचारलं त्याच आठवड्यात." त्यांनी मान हलवली. "वाटलंच होतं. तुम्ही तळघरातनं वर आलात तेव्हा बादलीतल्या कपड्यांतनं पाणी गळत होतं. पिळायच्या आधीच काढून आणले होते तुम्ही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"केलरबाईंकडं मीच गेलो होतो."

खाली मळ्यांमध्ये कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. मोहिते गुळाचा खडा हातात फिरवत बोलत होते. "गेल्या साली बघितलं. आपण वळणावर पोचतो तेव्हा ती बसलेली असते. कपाळ कोरडं. घाम वाळून मीठ झालेलं. म्हणजे पोरगी कधीची बसलेली असणार. मी दाते तपासणारा माणूस, पंत. एक चाक दुसऱ्यापायी अडून फिरत असलं तर मला आवाजावरनं कळतं. हे कळायला वर्ष गेलं."

"तिला सांगायचं, पुढे जा म्हणून."

"सांगितलं की. म्हणाली, 'नाही पापा, सातारा एकत्र येतो.' माझंच वाक्य. काय बोलणार? मग म्हटलं, बाहेरनं कोणीतरी विचारू दे. बाईंना म्हटलं, मी आलो होतो हे सांगू नका. सुनंदाला म्हटलं, गुपचूप सही कर."

"मग सगळं झालंच होतं. तिला म्हणायचं, मला माहीत आहे, जा."

"असं कसं? बापानं घालवलं म्हणून गेली, असं झालं असतं. उद्या तिथं नाही जमलं तर मला धरून बसली असती. तिचं तिनं ठरवून मला येऊन सांगायला पाहिजे." गूळ त्यांनी परत डब्यात टाकला. "मला वाटलं आठवड्यात येईल. मग म्हटलं जूनमध्ये येईल. दर रविवारी काहीतरी विषय काढून बघायचो. शेवटी शर्टाची साइजसुद्धा काढून बघितली. म्हटलं, पंत तरी म्हणतील, थांबा हो, एवढ्यात शिवू नका."

ते तक्रार करत नव्हते. गिअरचं माप सांगावं तसं सांगत होते. मला मात्र त्या बाकावर बसवेना.

"मग आज इथे का बसलोय आपण?" मी विचारलं.

"ती वर वळणावर बसली असेल. आपण गेलोच नाही तर किती वेळ बसेल? कंटाळून जाईल एकटी पुढं. एकदा तरी एकटी पोचू दे की."

"मोहिते, ती कंटाळून पुढे नाही जाणार. घाबरून खाली येईल."

"ह्यॅ. शिस्तीतली पोरगी आहे. उलटी पळत नाही ती."

हे वाक्य पुरं होतंय तोवर वरून पावलं ऐकू आली. प्राजक्ता वाटेवरचे दगड उडवत खाली येत होती, पांढरीफटक. "पापा, हार्ट? पापा, हार्ट आहे का?" ती जर्मनमध्ये विचारत होती. मग तिला डबा दिसला. "तुम्ही खाताय?" ती म्हणाली. "मी वर मरतेय आणि तुम्ही इथे बसून खाताय?"

"काकांना चक्कर आली," मोहिते म्हणाले. मी तत्काळ आजारी दिसायचा प्रयत्न केला.

तिने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकली. धाप अजून थांबत नव्हती. तशीच, खाली बघत ती म्हणाली, "पापा, मी सातारा सोडतेय. ऑक्टोबरपासून. फ्राऊ केलरकडे जाणार. मे महिन्यात ठरलं."

मोहित्यांनी दोन्ही भुवया टोपीपर्यंत नेल्या. "असं?" ते म्हणाले. "कधी ठरलं म्हणालीस?"

"मे महिन्यात."

"अरे वा. आणि मला पत्ता नाही." इतका वाईट अभिनय मी गॅदरिंगमध्येही पाहिला नव्हता. पोरगी मातीकडे बघत होती म्हणून निभावलं.

"आईला माहितीये. काकांनापण."

"काकांनापण? बघा." त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, गप्प राहा असा. "केलरबाईंच्या मंडळाचा शर्ट कुठल्या रंगाचा असतो?"

"निळा."

"निळा तुला चांगला दिसतो."

ती सरळ उभी राहिली. "रागावलास?"

"नाही गं. जा आता वर. आज वळणावर थांबायचं नाही."

"पण संघाची वेळ..."

"ती आमचीच मोजणार आहेत. आम्ही येतो आईला घेऊन. पळ."

तिने शर्ट पुन्हा नीट खोचला. मग वळली.

चार वर्षं मी तिच्या संघात होतो. सुरुवातीच्या गर्दीतली पाठ सोडली तर मी तिला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही पोचायचो तेव्हा ती बसलेली असायची. तिथे चांगलाच उभा चढ होता, मुळं वर आलेली. ती त्यावरून गेली ती पाय न टेकल्यासारखी. मोरपंखी शर्ट झाडांतून दोनदा दिसला आणि मग नाही. मोहिते उठून उभे राहिले होते. दिसायची बंद झाल्यावरही ते बराच वेळ उभेच होते.

"मोहिते," मी म्हणालो, "मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं असतं तर ती कशाला सांगायला आली असती?" ते खाली बसले आणि डब्याचं झाकण लावायला लागले. ते नीट बसेना. एका बाजूने दाबलं की दुसरीकडून उचलायचं.

खालून काठ्यांचा आवाज आला. वहिनी आल्या, ओढणीच्या टोकात अक्रोड बांधलेले, मागे सायकल ढकलत हेलमूट. आम्हाला बसलेलं बघून हेलमूट थोडा अलीकडेच थांबला आणि दरीकडे तोंड करून उभा राहिला.

"प्राजू कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"पुढं गेली."

वहिनींनी वरच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं. "सांगितलं?"

"सांगितलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"निळा चांगला दिसेल म्हटलं."

वहिनींनी काठ्या बाकाला टेकवल्या, त्यांच्या हातातून डबा घेतला, झाकण एका दाबात बसवलं आणि शेजारी बसल्या. मी सरकून जागा दिली.

"लई लांबला गं यंदा उन्हाळा," मोहिते म्हणाले.

"संपला आता," वहिनी म्हणाल्या.